उसाच्या वाटेवरचं डांबर

सभासद बंधूंनो, तोडलेला ऊस खड्ड्यात अडकला की वजन आपलंच घटतं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता रेकॉन्डो कंपनीने १९७६ साली दहा वर्षांच्या हमीवर केला. हमी संपूनही तो पुष्कळ वर्षे टिकला. त्यात गरम मिश्रणाचा वाटा मोठा. अशा मिश्रणात वजनाने साधारण ५ टक्के डांबर लागतं. कमी पडलं की खडी सुटते, जास्त झालं की उन्हाळ्यात डांबर वर येऊन चाकोऱ्या पडतात. निवलेलं मिश्रण रोलरखाली नीट दबत नाही, पोकळीतून पाणी झिरपतं. आणि वसमतकडची आपली काळी माती पाण्याने फुगते. मग वरचं डांबर काय करील! म्हणून आम्ही फडोफडी सांगत असतो, उसाचं जादा पाणी रस्त्याच्या कडेला सोडू नका.