कंबर भरली, की शीर धरली?

आषाढ-श्रावणात चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणी सुरू झाली, की बांध्याबांध्यांतून वाकलेल्या बायांच्या रांगा दिसू लागतात. पाय चिखलात, एका हातात पऱ्ह्यांची पेंढी आणि कंबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुमडलेली. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे वाकून मोहफुले वेचून झालेली असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. पाने खुडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि ओझे डोक्यावरून फळीपर्यंत न्यायचे. तिकडे बल्लारपूर-घुग्घुसच्या कोळसापट्ट्यात डंपर चालवणाऱ्याची कंबर वेगळ्या कारणाने, म्हणजे तासन्‌तास बसणाऱ्या हादऱ्यांनी शिणते. त्यामुळे इकडे कंबर दुखणे हा कुणी आजारच मानत नाही. ‘काम केलं तर दुखणारच’ असे म्हणून माणसे दुखणे अंगावर काढतात.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली. या संस्थेने गावांत जाऊन लोकांच्या पाठदुखीचा अभ्यास केला आहे. मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिच्या शोधग्राम येथील रुग्णालयात येऊन मणक्याचे रुग्ण तपासतात, शस्त्रक्रियाही करतात. एवढी माणसे जे दुखणे मुकाट्याने सोसतात, त्याच्याकडे डोळसपणे पाहायला हवे.

दुखणे कुठे थांबते?

साधी कंबरदुखी स्नायूंची, मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांची आणि सांध्यांची असते. ती कमरेत असते, फार तर कुल्ल्यात किंवा मांडीत उतरते. कंबर भरून येते, सकाळी ताठरते, वाकताना कळ येते आणि कूस बदलली की थोडे बरे वाटते.

सायटिकाची गोष्ट वेगळी आहे. कमरेच्या खालच्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूंची मुळे एकत्र येऊन शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू तयार होतो. तो कुल्ल्यामागून पायात उतरतो. दोन मणक्यांमधली गादी सरकून एखादे मूळ दाबले गेले, की कळ मांडीमागून किंवा बाजूने थेट गुडघ्याखाली, पोटरीत, कधी पावलापर्यंत जाते. ही कळ विजेच्या झटक्यासारखी, जळजळणारी असते. मुंग्या येतात, बधिरता येते. बहुधा एकच पाय धरतो आणि कमरेपेक्षा पायच अधिक दुखतो. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना कळ वाढते. आयुर्वेदात या दुखण्याला ‘गृध्रसी’ म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची लंगडी चाल पाहून हे नाव पडले असे सांगतात. सरकलेली गादी हे याचे कारण असल्याचे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले.

घरच्या घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. उताणे झोपून गुडघा न वाकवता एक पाय हळूहळू वर उचला. अर्ध्या वाटेतच गुडघ्याखाली जाणारी कळ उठली, तर शीर दाबली गेल्याचा संशय घ्यावा. फक्त मांडीमागचा स्नायू ताणला गेला, तर तो सायटिका नव्हे. पाय जोराने ओढू मात्र नका.

सारेच सायटिका नसते

आपल्या भागात आणखी काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पाठ फारशी दुखत नाही, पण पाऊल बधिर आहे किंवा उचलत नाही आणि अंगावर न खाजणारा फिकट चट्टा आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. तो औषधांनी पूर्ण बरा होतो. रात्रीही न थांबणारी पाठदुखी, बारीक ताप आणि वजनातली घट असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णाची पाठ अचानक धरली, तर ती कामाची दुखापत समजू नये.

आणि एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर एक दिवसही थांबू नका. भामरागड-सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर आहे, म्हणून तर निघायला उशीर नको. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर कायमचे पंगुत्व येऊ शकते.

आराम कशाने?

दिलासा असा की, साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. सायटिकाचे बहुतेक रुग्णही सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात, कारण सरकलेल्या गादीचा भाग हळूहळू आक्रसतो. पूर्वी महिनाभर फळीवर झोपवून ठेवत. आता तसे करत नाहीत. फार दुखले तर एक-दोन दिवस पडून राहावे, मग सोसेल तेवढे चालावे, घरातली हलकी कामे करावीत. कोमट शेक घ्यावा, पण बधिर पायाला नको, कारण भाजले तरी कळत नाही.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडे दिवसच घ्याव्यात. दर आठवड्याला ‘सुई’ टोचून कामावर जाणे मूत्रपिंडाला आणि जठराला महागात पडते. पायाला डाग देऊन शीर सुटत नाही, जखम तेवढी होते.

हंगामात कामच बंद करा, हा सल्ला रोजीवर जगणाऱ्या घराला परवडत नाही. पण अर्ध्या तासाने बांधावर उभे राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकणे परवडते. रोवणी आणि पऱ्हे पोचवणे यांची पाळी बदलता येते. एका मोठ्या भाऱ्याऐवजी दोन लहान खेपा करता येतात. ओझे उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकावे आणि ते छातीजवळ धरावे. डोक्यावर भारा चढवताना दुसऱ्याने हात द्यावा.

घरातली बाई भिंतीला धरून उठू लागली, तर दुखणे कुठवर जाते, एवढे तिला विचारा. पायात उतरते म्हणाली आणि दोन-चार आठवड्यांत उतार पडला नाही, तर तिला डॉक्टरांकडे न्या. रोवणी आटोपेपर्यंत वाट पाहू नका.