लस घ्यायला तरुण का कचरतात?

कॉलेजातील मुले लस टाळतात ती अडाणीपणामुळे, हे मला पटत नाही. साखरखेर्ड्यात कोरोनाच्या काळात तरुणांकडून मी तीनच गोष्टी वारंवार ऐकल्या : 'आम्हाला काय होतंय?', 'ऐन परीक्षेत ताप आला तर?' आणि 'पुढे मूल होत नाही म्हणतात.'

१ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातील महाविद्यालये उघडली, तेव्हा दोन्ही मात्रांची अट आली आणि 'मिशन युवा स्वास्थ्य' मोहिमेत लस कॉलेजातच मिळू लागली. सोय झाली की रांग वाढते. शंका मात्र उत्तर दिल्यावाचून जात नाही. लसीनंतरचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. लसीने वंध्यत्व येते, याला पुरावा नाही. आणि तरुणाला सौम्य वाटणारा आजार घरातल्या आजीला जड जाऊ शकतो.

सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. नर्सिंग व प्रयोगशाळेच्या विद्यार्थ्यांनी 'ब' प्रकारच्या काविळीच्या तिन्ही मात्रा पूर्ण कराव्यात. शंका जरूर विचारा. पण पारावर नव्हे, डॉक्टरांना.