चाक देणारा

यंदा १९ ते २३ जानेवारी या पाच दिवसांत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. एक छोटी प्रास्ताविक फेरी आणि त्यानंतर चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटरचे अंतर. सह्याद्रीच्या घाटवाटांवरून देशोदेशीचे व्यावसायिक सायकलपटू धावत होते आणि लातूरच्या घरी आम्ही आजोबा-नातू मोबाइलच्या पडद्यावर ते पाहत होतो. नातवाने मध्येच विचारले, “आजोबा, रोज पहिला येणारा वेगळाच असेल, तर शर्यत जिंकतो कोण?”

उभा जन्म बँकेत गेलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड नव्हता. मी म्हणालो, “पासबुकात रोजच्या नोंदी वेगळ्या असतात, पण शेवटी पाहतात ती शिल्लक.” टप्प्यांच्या शर्यतीत प्रत्येक दिवसाचा वेळ नोंदवून त्याची बेरीज केली जाते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता ठरतो. एकही टप्पा न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकता येते, आणि एका दिवसाच्या आळसाने अनेक दिवसांची कमाई जाते. १९०३ साली सुरू झालेली ‘टूर द फ्रान्स’ ही या प्रकारातील सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धा. १९८९ साली सव्वातीन हजारांहून अधिक किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आणि फ्रान्सचा लोराँ फिन्यो यांच्यात अंतर राहिले ते अवघ्या आठ सेकंदांचे.

मोठ्या स्पर्धांतील एखादा टप्पा किती लांबीचा असतो? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला येणारा रस्ता सुमारे एकशे चाळीस किलोमीटरचा आहे, साधारण तेवढा. बसने आले तरी अंग आंबते. बालाघाटच्या पठारावर समोरून वारा सुटला असता सायकल हाकणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. सायकलपटूचा खरा वैरी हा वाराच. म्हणून हे लोक थव्याने धावतात. पुढचा वारा फोडतो आणि त्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम पाव ते एक-तृतीयांश हिश्शाने वाचतात. घाट सुरू झाला की मात्र वेग मंदावतो, आडोशाचा लाभ उरत नाही आणि प्रत्येकाची खरी ताकद उघडी पडते. १९१० साली फ्रान्सच्या या शर्यतीत पिरेनीज पर्वतातील २,११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड प्रथम आली. तेव्हापासून अशा शर्यतींचा निकाल बहुधा डोंगरातच लागत आला आहे.

तथापि मला या खेळात सर्वांत विलक्षण वाटला तो निराळाच भाग. विजेता एकटा असला तरी शर्यत संघाची असते. संघातील बहुतेकांचे काम स्वतः जिंकणे हे नसतेच. नायकापुढे राहून वारा अंगावर घेणे, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देणे आणि वेळ पडल्यास आपली सायकल त्याच्या हवाली करणे, हे त्यांचे काम.

१९३४ सालच्या शर्यतीत रने व्हिएतो हा वीस वर्षांचा फ्रेंच युवक डोंगरात सर्वांना भारी ठरत होता. पिरेनीजमधील एका उतारावर त्याच्या संघाचा नायक आंतोनँ मान्य पडला आणि त्याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून त्याला दिले. दुसरे चाक येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून रडत राहिला. ते छायाचित्र पुढे अतिशय प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएतो त्या वेळी पुढे निघून गेला होता. निरोप मिळताच तो उलटा फिरला, चढ चढून माघारी आला आणि या वेळी त्याने आपली सायकलच देऊन टाकली. मान्य ती शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला. ही स्पर्धा त्याला पुढे कधीच जिंकता आली नाही.

आपल्या धर्मात सहा अभ्यंतर तपे सांगितली आहेत. त्यांत वैयावृत्य, म्हणजे सेवा, हे एक तप आहे. उपवासाची अनुमोदना आपण वाजतगाजत करतो आणि ते योग्यच आहे. परंतु तपस्व्याला पारण्यापर्यंत सांभाळणाऱ्याकडे, विहारात साधुसाध्वींच्या सोबतीने भल्या पहाटे महामार्गावर चालणाऱ्याकडे आपले लक्ष कितीसे जाते? त्यांच्या नावाची पाटी कोठेही लागत नाही.

हे लिहिताना मला माझीच एक जुनी नोंद दुरुस्त करावयाची आहे. संगणक येण्यापूर्वीचा काळ. नांदेड जिल्ह्यातील एका शाखेत मी व्यवस्थापक होतो. बचत खात्यांच्या खतावण्यांचा मेळ कित्येक महिने बसलेला नव्हता. आमचे एक ज्येष्ठ लिपिक ऐन मार्चअखेरीस रात्र रात्र बसून एकेक पान तपासत राहिले. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, ही खूण त्यांनीच मला शिकवली. अखेर पैशापैशाचा मेळ बसला. त्या वर्षी आमच्या शाखेला ढाल मिळाली. व्यासपीठावर जाऊन ती मी घेतली, चार शब्द बोललोही. पण त्या चार शब्दांत त्यांचे नाव नव्हते. माझी पदोन्नती झाली. ते त्याच पदावरून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी निवर्तले.

टूर द फ्रान्सचा विजेता बक्षिसाची रक्कम आपल्या सहकाऱ्यांत वाटून टाकतो, असा तेथील जुना प्रघात आहे. नातवाला हे सांगत असताना माझी जीभ अडखळली. प्रायश्चित्त हेही त्या सहा तपांपैकीच एक. प्रतिक्रमणात ‘मिच्छा मि दुक्कडं’ मी आजवर कितीतरी वेळा म्हटले असेल; या एका माणसाचे नाव घेऊन मात्र कधी म्हटले नव्हते.

फेब्रुवारीत नांदेडला जाऊन त्यांच्या चिरंजीवांना भेटलो. सगळे सांगितले आणि हात जोडले. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, त्या ढालीचे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या शाखेला ढाल मिळाली, म्हणून बाबांनी त्या दिवशी घरी पेढे आणले होते.”