इंग्रजांचे घड्याळ धावते, आपले चालते

‘रन म्हणजे धावणे’ हे आपण शाळेत पाठ करतो आणि तोच त्या शब्दाचा खरा अर्थ, बाकीचे सगळे अपवाद, असे धरून चालतो. हा पहिला गैरसमज. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला घेतली, तेव्हा त्याचे नऊ महिने त्यातच गेले. नुसत्या क्रियापदाच्या अर्थछटा भरल्या ६४५. १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ हा शब्द सुमारे ४३० छटांसह आघाडीवर होता, तोही मागे पडला.

या आकड्यातून दुसरा गैरसमज जन्मतो, तो म्हणजे ६४५ छटा असतील तर त्या एकमेकींशी संबंध नसलेल्या असणार. प्रत्यक्षात बहुतेकींमधून एकच सूत्र जाते, ते गतीचे किंवा अखंड चालू राहण्याचे. इंग्रजीत नळाचे पाणी ‘रन’ होते, सर्दीने नाकही होते. यंत्र, नाटकाचे प्रयोग, डोंगराकडेने जाणारा रस्ता, सगळ्यांना हेच क्रियापद. चमत्कारिक वाटले, तर आपले ‘चालणे’ पाहा. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, आणि ‘चहा चालेल?’ या प्रश्नात तर कुणाचेही पाऊल हलत नाही. इंग्रजीत जे धावते, ते मराठीत चालते, एवढाच फरक.

तिसरा गैरसमज समानार्थी शब्दांचा. ‘फ्लो’, ‘ऑपरेट’, ‘मॅनेज’ हे सगळे ‘रन’चे समानार्थी म्हणून दिलेले असतात, पण ते शब्दाचे नव्हे, त्याच्या एकेका छटेचे जोडीदार. पाण्याला ‘फ्लो’ शोभते, दुकानाला ‘मॅनेज’. त्यांची अदलाबदल केली की वाक्य कोलमडते. एकाच छटेतही फरक उरतो. ‘जॉग’ म्हणजे रमतगमत धावणे, तर ‘स्प्रिंट’ म्हणजे थोड्या अंतरासाठी जीव तोडून. रॉजेट या कोशकाराने १८५२ साली समानार्थी शब्दांचा आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तोही कल्पनांनुसार शब्दांची मांडणी करून; मनातल्या आशयाला नेमका शब्द सापडावा म्हणून, कुठलाही शब्द उचलून कुठेही बसवावा म्हणून नव्हे. शिवाय प्रदेश बदलला की शब्दही बदलतो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ होतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ होतो. आपला उमेदवारही उभाच राहतो.

यावर कुणी म्हणेल, एका शब्दाला इतके अर्थ, म्हणजे इंग्रजी मराठीपेक्षा श्रीमंतच ना? पण हा आकडा भाषेच्या वैभवाइतकाच कोशकाराच्या चिकाटीचाही असतो. छटा किती बारीक पाखडायच्या हे तोच ठरवतो. पाणी, अश्रू आणि नाक यांचे वाहणे एकत्र मोजले की संख्या लगेच उतरते. दुसरा आक्षेप असा, की ६४५ अर्थ शिकायचे तरी कसे? ते इंग्रजही पाठ करत नाहीत. शेजारचा शब्द अर्थ सांगतो, म्हणून शब्द शिकावा तो त्याच्या सोबत्यांसकट. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो. यांची यादी कुठल्याही मराठी मुलाने घोकलेली नसते, तरी ‘भूक लागली’ ऐकून ते मलमपट्टी शोधायला जात नाही.