ढेकर न येणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणानंतरचा ढेकर ही तृप्तीची पावती मानली जाते. त्यामुळे ज्यांना लहानपणापासून ढेकर आलेलाच नाही, त्यांची तक्रार थट्टेवारी नेली जाते किंवा ‘गॅस झाला असेल’ एवढ्यावर मिटवली जाते. वैद्यकशास्त्रात या स्थितीला ‘रेट्रोग्रेड क्रायकोफॅरिंजियल डिसफंक्शन’ म्हणतात. अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी असणारा क्रायकोफॅरिंजियस हा स्नायू खालून वर येणाऱ्या हवेसाठी सैल न होणे, असा त्याचा अर्थ आहे.

गैरसमज : हा पचनाचा बिघाड आहे.
वस्तुस्थिती : ढेकरातील हवा बहुतांशी अन्नपाण्याबरोबर गिळलेली असते. ती जठरातून अन्ननलिकेत चढली की तिच्या ताणाने वरचा स्नायू क्षणभर उघडतो आणि ढेकर येतो. या रुग्णांत घास गिळताना तोच स्नायू व्यवस्थित उघडतो, पण हवेला वाट देत नाही. परिणामी घशातून बेडकासारखे आवाज येतात, छाती दाटते, पोट फुगते आणि साठलेली हवा अखेर खालच्या मार्गाने बाहेर पडते. दुर्बिणीच्या तपासणीत बहुधा काही आढळत नाही, म्हणून निदान मुख्यतः लक्षणांवरून केले जाते.

गैरसमज : सोडा प्यायला की ढेकर येतो.
वस्तुस्थिती : सोड्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड निरोगी माणसाला ढेकर आणतो, येथे मात्र दारच बंद असल्याने आतला दाब वाढून त्रास बळावतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही हा स्नायू सैल होत नाही.

गैरसमज : ढेकर दाबण्याच्या सवयीने हे होते.
वस्तुस्थिती : आयुर्वेदाने उद्गार, म्हणजे ढेकर, हा अडवू नये अशा तेरा वेगांत गणला आहे, परंतु आलेला वेग अडवणे आणि वेग बाहेर पडूच न शकणे या भिन्न गोष्टी आहेत. येथे प्रयत्न करूनही ढेकर निघत नाही, म्हणून रुग्णाच्या त्रासाला मनाचा खेळ ठरवणे अन्यायाचे आहे.

गैरसमज : यावर उपाय नाही आणि असला तरी तो विषाचा आहे.
वस्तुस्थिती : अशा रुग्णाची नोंद 1987 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली होती, तरी उपचाराला दिशा मिळाली ती 2019 मध्ये, जेव्हा अमेरिकेतील रॉबर्ट बॅस्टियन आणि मेलिसा स्मिथसन यांनी 51 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. बॉट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स, हे जिवाणूपासून मिळणारे द्रव्य मोजक्या मात्रेत त्या स्नायूत टोचले असता मज्जातंतूचा संदेश अडतो आणि स्नायू सैल पडतो. औषधाचा प्रभाव साधारण तीन महिन्यांत ओसरतो, तरीही अनेकांची ढेकर देण्याची क्षमता टिकून राहते. काहींना इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. सुरुवातीचे काही दिवस घास सावकाश उतरणे किंवा अन्न वर येणे संभवते.

वजन घटणे, घास अडकणे किंवा रक्ताची उलटी ही लक्षणे असल्यास कारण वेगळे असू शकते व तपासणी तातडीने करावी. एरवी ज्याला आयुष्यात कधीच ढेकर आलेला नाही, त्याने पोटाची औषधे बदलत बसण्यापेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन नेमकी हीच गोष्ट सांगावी, कारण निदानाचा मुख्य आधार तीच आहे.