पगाराशिवाय किती महिने?

फॉरेनला जायचंय, पण नोकरी तिथे गेल्यावर शोधायची आहे? मग बॅग भरण्याआधी एक रविवार कॅल्क्युलेटर घेऊन घरच्यांसोबत बसा!

आम्हा नाशिककरांचा एक जुना जोक आहे. कॅनडाला जायला आम्हाला व्हिसा लागत नाही, रिक्षावाल्याला ‘कॅनडा कॉर्नर’ म्हटलं की झालं! आणि पासपोर्ट? तो तर सगळ्या देशाचा आमच्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. नोटा छापणारी करन्सी नोट प्रेसही तिथेच. म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी गावातच तयार होतात. त्यातली दुसरी आपल्या खिशात येत नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम.

आमच्या पप्पांनी प्रेसमध्ये तीस वर्षं काढली. हजारो लोकांचे पासपोर्ट छापणाऱ्या कारखान्यात नोकरी केली, पण स्वतःचा पासपोर्ट कधी काढला नाही. त्यामुळे धाकट्या भावाने एका रविवारी मिसळ खाता खाता बॉम्ब टाकला, तेव्हा घरात एकदम शांतता पसरली.

“मी जर्मनीला जातोय. नोकरी तिथे जाऊन शोधणार.”

भाऊ मेकॅनिकल इंजिनीअर. अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत तीन वर्षांचा अनुभव. त्याच्या डोक्यात होतं ते जर्मनीचं ‘चान्सनकार्ट’, म्हणजे संधी कार्ड. १ जून २०२४ पासून सुरू झालेली ही सोय भन्नाट आहे. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे मिळून किमान ६ पॉइंट झाले, की नोकरीचं पत्र हातात नसतानाही एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्याची वाट वेगळी. तिथे काम आधी ठरतं, मग माणूस जातो. भावाची वाट उलटी होती. आधी माणूस, मग काम.

पप्पा लगेच म्हणाले, “पैशांचं टेन्शन घेऊ नकोस, रिटायरमेंटचे आहेत.” आई मात्र विचारून बसली, “आणि नाही मिळाली नोकरी तर?” उत्तर कोणाकडेच नव्हतं. मग मी वही काढली.

व्हिसाचा आकडा म्हणजे बजेट नव्हे!

पहिला धक्का हा. २०२५ च्या नियमानुसार संधी कार्डासाठी दरमहा १,०९१ युरो दाखवावे लागतात. वर्षाचे झाले १३,०९२ युरो. एक युरो शंभर रुपयांचा धरला तरी १३ लाख ९ हजार! (२०२५ च्या अखेरीस युरो शंभरच्या पुढेच होता.) हे पैसे बहुतेक जण ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरतात. भावाला वाटत होतं, की एवढे भरले की झालं काम.

पण या खात्याचा फंडा नीट समजून घ्या. पैसे तुमचेच, पण काढायचे महिन्याला ठरलेलेच. १,०९१ च्या वर एक युरो मिळत नाही. आणि खर्च मात्र पहिल्याच महिन्यात अंगावर येतो. घरमालक डिपॉझिट म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत रक्कम मागू शकतो, तसा कायदाच आहे. वर पहिलं भाडं, खोली मिळेपर्यंत हॉस्टेलचा मुक्काम, जाड जॅकेट, अंथरूण-पांघरूण. बरेच फ्लॅट तर किचनशिवाय मिळतात. आपल्याकडे निदान ओटा तरी असतो! म्हणून आम्ही ठरवलं, पहिल्या महिन्यासाठी वेगळे ३,००० युरो. ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर.

मग दर महिन्याचा हिशेब मांडला. शेअरिंगमधल्या खोलीचे ५५० युरो धरले. जेवणाचे २२० (घरी स्वयंपाक करून, बाहेर खाल्लं तर विसरा). आरोग्य विमा सक्तीचा, त्याचे १००. लोकल गाड्या-बसचा देशभर चालणारा पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. मोबाइल १५. शिवाय तिथे प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची फी भरावी लागते, महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. तिघांत वाटली तर ६. बेरीज ९५४. उरले १३७. त्यात इंटरव्ह्यूचा प्रवास, औषधं, केस कापणं आणि आजारपण. भाऊ गप्प झाला.

“पार्टटाइम करेन ना ताई,” तो म्हणाला. करता येतं, आठवड्याला २० तासांपर्यंत. २०२६ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, म्हणजे पूर्ण २० तास भरले तर महिन्याला साधारण १,२०० युरो, करकपातीच्या आधी. पण हा पैसा आम्ही मुद्दाम बजेटमध्ये धरला नाही. कारण पार्टटाइमही पहिल्या दिवशी मिळत नाही. तो मिळाला तर बोनस.

‘मी घरी खोटं बोलले’

हा शहाणपणा मला कुठून आला? माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडून. ती २०२३ मध्ये पीआरवर टोरांटोला गेली. कॅनडाही अशा एकट्या अर्जदाराकडे पैसे मागतो, जुलै २०२५ पासून तो आकडा १५,२६३ डॉलर आहे. तिथे पैसे ब्लॉक होत नाहीत, फक्त दाखवायचे. पण ते उसने घेतलेले चालत नाहीत, हे लक्षात ठेवा. ‘आठवडाभर खात्यात टाकून दाखवू’ असं कोणी सुचवलं तर लांबूनच नमस्कार करा, कारण बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही द्यावी लागते.

मैत्रिणीने मागितले तेवढेच पैसे नेले. पहिल्याच दिवशी पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं दिलं. पुढे प्रत्येक गोष्ट साठने गुणायची सवय लागली. कॉफी घेतली की पोटात गोळा. सातव्या महिन्यात खातं रिकामं.

“आई फोनवर विचारायची, इंटरव्ह्यू कसा झाला? मी सांगायचे, छान झाला. इंटरव्ह्यू नव्हताच. मी गोडाऊनमध्ये खोकी पॅक करत होते,” ती म्हणाली. “पैसे संपले याचं वाईट वाटलं नाही. किती दिवस थांबायचं हे मी ठरवलंच नव्हतं, त्याचा त्रास जास्त झाला. रोज वाटायचं, अजून एक महिना बघू.”

आज ती तिच्या फील्डमध्ये आहे, मजेत आहे. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

परतीची तारीख आधी ठरवा

म्हणून आमच्या वहीत सगळ्यात मोठ्या अक्षरात एक ओळ आहे: आठवा महिना. तोपर्यंत पूर्ण वेळ नोकरीचं पत्र आलं नाही, तर भावाने परत यायचं. विचारायचं नाही, वादही घालायचा नाही. परतीच्या तिकिटाचे ६० हजार आताच बाजूला काढून ठेवलेत.

का आठवा? कारण तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये चार महिन्यांचे ४,३६४ युरो शिल्लक असतील. खातं बंद करताना कागदपत्रं पूर्ण केली की उरलेले परत मिळतात. म्हणजे वाईटात वाईट झालं, तरी चार लाखांहून जास्त रक्कम घरी येईल. तो रिकाम्या हाताने येणार नाही, आणि पप्पांचे सगळे पैसे बुडणार नाहीत. आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ते असं.

एकूण बेरीज १६ लाख ६९ हजार. भावाकडे पाच होते. पप्पा किती देणार? यावर घरात दोन रविवार गेले. शेवटी ठरलं, सहा लाख, त्याच्या वर नाही. ही मर्यादा घालताना पप्पांचा चेहरा पडला होता, पण त्यांचं औषधपाणी आणि म्हातारपण याच पैशांवर आहे. बाकीचे भाऊ इथेच एक वर्ष जास्त नोकरी करून जमवतोय, थोडे मावशीकडून. तोपर्यंत जर्मनचा बी-वन लेव्हलचा क्लासही चालू आहे. कार्डासाठी इंग्रजी चालतं हो, पण त्याने पाहिलेल्या बहुतेक जाहिराती जर्मन मागतात. भाषा जितकी पक्की, तितके पगाराशिवायचे महिने कमी. एवढं साधं गणित!

निघण्याआधी हे बघा

• पगाराशिवायचे महिने मोजा. नोकरीला वाटतात त्याच्या दुप्पट धरा.
• पहिल्या महिन्याचा खर्च आणि परतीचं तिकीट वेगळं ठेवा.
• एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पैसे परदेशी पाठवले, तर शिक्षण-उपचार सोडून इतर कारणांसाठी वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. १३ लाख ९ हजारांवर तो ६१ हजारांच्या पुढे जातो. रिटर्न भरल्यावर हिशेबात मिळतो, पण तोपर्यंत अडकतो. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवता येतात का ते बँकेत विचारा.
• घरच्यांचा वाटा आकड्यात ठरवा, ‘बघू’ नको.

आमची वहीतली ती पानं आता फ्रीजवर लावली आहेत. परवा पप्पांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, ‘पासपोर्ट: माझा आणि हिचा.’ मी विचारलं, हे काय? म्हणाले, “त्याला नोकरी लागली तर बघायला जायला नको?”

तो खर्च मात्र बजेटमध्ये धरलेला नाही. तो भाऊ करणार, पहिल्या पगारातून!