मालवाहतूक कंपन्यांची सुरक्षा श्रेणी : अमेरिकेतील पद्धती आणि भारतीय संदर्भ

भारतात 2022 या एका वर्षात 4,61,312 रस्ते अपघातांची नोंद झाली व त्यांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अपघातानंतरची चौकशी बहुधा चालकापासून सुरू होते आणि वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्रापाशी थांबते. पहाटे डुलकी लागलेला ट्रकचालक आदल्या दिवशी किती तास चाकावर होता, माल पोहोचविण्याची वेळ कोणी ठरविली होती, ब्रेकची दुरुस्ती कोणाच्या सांगण्यावरून लांबली, हे प्रश्न सहसा मागे राहतात. त्यांचा रोख मालवाहतूक कंपनीकडे असतो. अमेरिकेने सुरक्षिततेचे मोजमाप कंपनीच्या नावे करण्याची पद्धत विकसित केली असून तिच्या जमेच्या बाजूंइतक्याच तिच्या उणिवाही अभ्यासण्याजोग्या आहेत.

हे काम अमेरिकेच्या परिवहन विभागातील ‘फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन’ ही यंत्रणा करते. 1999 च्या कायद्यान्वये ती 1 जानेवारी 2000 रोजी अस्तित्वात आली. आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या प्रत्येक कंपनीस परिवहन विभागाचा क्रमांक घ्यावा लागतो व तो ट्रकच्या दोन्ही बाजूंवर रंगवावा लागतो. कोणत्याही राज्यात रस्त्यावर झालेल्या तपासणीचा निष्कर्ष याच क्रमांकाखाली जमा होतो. पुढील सारी व्यवस्था या साध्या क्रमांकावर उभी आहे.

श्रेणी कशी ठरते?

तपासनीस कंपनीच्या दप्तराची सखोल तपासणी करून तीनपैकी एक श्रेणी देतात : समाधानकारक, सशर्त किंवा असमाधानकारक. त्यासाठी सहा घटक पाहिले जातात : विमा व सर्वसाधारण नोंदी, चालकांची पात्रता, प्रत्यक्ष वाहतुकीचे नियमपालन, वाहनांची स्थिती, धोकादायक माल आणि अपघातांचे प्रमाण. नियमपालनात कामाच्या तासांना विशेष महत्त्व आहे. मालवाहू ट्रकच्या चालकाने सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर 14 तासांच्या अवधीत कमाल 11 तास वाहन चालवावे, असा सर्वसाधारण नियम आहे.

अपघातांचे प्रमाण दर दहा लाख मैलांमागे काढतात. समजा, एखाद्या कंपनीचे ट्रक वर्षभरात 20 लाख मैल धावले आणि नोंदणीयोग्य अपघात 4 झाले, तर प्रमाण 2 येते. सर्वसाधारण कंपनीसाठी मर्यादा 1.5 असल्याने या घटकात ती असमाधानकारक ठरते. तथापि एकच घटक असमाधानकारक आणि सशर्त घटक दोनपेक्षा अधिक नसतील, तर एकूण श्रेणी ‘सशर्त’ राहते व कंपनीला वाहतूक चालू ठेवता येते. दोन घटक असमाधानकारक ठरल्यास मात्र एकूण श्रेणीही असमाधानकारक होते. सुधारणा न झाल्यास सर्वसाधारण मालवाहकाला 60 दिवसांनंतर, तर प्रवासी व धोकादायक माल वाहणाऱ्या कंपन्यांना 45 दिवसांनंतर वाहतूक बंद करावी लागते.

या श्रेणीला मुदत नसते, ही तिची मोठी उणीव होय. पुढील तपासणी होईपर्यंत जुनी श्रेणीच कायम राहते. त्यामुळे माल सोपविणाऱ्याने ‘समाधानकारक’ या शब्दाआधी त्याच्या शेजारची तारीख वाचणे श्रेयस्कर. शिवाय बहुसंख्य कंपन्यांची अशी सखोल तपासणी कधी झालेलीच नसते. श्रेणी नसणे म्हणजे कंपनी सुरक्षित असणे नव्हे, तसेच ती असुरक्षित असणेही नव्हे.

दरमहा बदलणारे गुण

ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर 2010 मध्ये स्वतंत्र मापनपद्धती सुरू झाली. तीत बेदरकार वाहनचालन, कामाचे तास, देखभाल, अपघात इत्यादी सात गट करण्यात आले. मागील 24 महिन्यांच्या नोंदी घेतल्या जातात. ताज्या सहा महिन्यांतील उल्लंघनास तिप्पट, त्याआधीच्या सहा महिन्यांतील उल्लंघनास दुप्पट भार मिळतो. समान आकाराच्या कंपन्यांशी तुलना करून 0 ते 100 मध्ये शतमक काढला जातो. अंक जितका मोठा तितकी स्थिती वाईट. बेदरकार वाहनचालनाच्या गटात सर्वसाधारण मालवाहकासाठी 65, तर प्रवासी वाहकासाठी 50 ही हस्तक्षेपाची पातळी आहे.

शतमक सापेक्ष असल्याने कंपनीने काहीही न करता तो बदलू शकतो. लहान कंपनीच्या बाबतीत दोन-चार तपासण्याही चित्र पालटतात. अशा आक्षेपांनंतर डिसेंबर 2015 मधील कायद्याने मालवाहू कंपन्यांचे शतमक जनतेसाठी बंद झाले. प्रवासी वाहकांचे मात्र खुले राहिले. मालवाहू कंपनीच्या तपासण्या, उल्लंघने व अपघात आजही कोणालाही पाहता येतात. हे गुण थेट श्रेणी ठरविण्यासाठी वापरण्याचा प्रस्ताव जानेवारी 2016 मध्ये मांडला गेला व मार्च 2017 मध्ये मागे घेण्यात आला. परिणामी श्रेणी आणि गुण हे दोन प्रवाह वेगळेच राहिले.

भारतीय संदर्भ

रस्तामार्गे वाहतूक अधिनियम, 2007 ने 1865 च्या वाहक कायद्याची जागा घेतली. त्यान्वये सार्वजनिक मालवाहकास नोंदणी आवश्यक असून त्याचे मालाविषयीचे दायित्व ठरविले आहे. सुरक्षिततेची श्रेणी हा त्याचा विषय नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने दिवसाला 8 व आठवड्याला 48 तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती, परंतु तो पाच किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमांना लागू होता. पुढे तो 2020 च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत समाविष्ट करण्यात आला. एक-दोन ट्रकांच्या मालकाकडील चालक या चौकटीबाहेरच राहिला आणि देशातील मालवाहतुकीचा मोठा भार याच वर्गावर आहे.

वाहनांच्या नोंदी ‘वाहन’, परवान्यांच्या ‘सारथी’ आणि अपघातांच्या ‘ई-डार’ या संगणकीय प्रणालीत साठविल्या जातात. मालकनिहाय श्रेणीसाठी एका मालकाची सर्व वाहने, चलाने व अपघात एकत्र जोडावे लागतील. त्याहून कठीण बाब म्हणजे भागाकारातील छेद. ट्रक वर्षभरात किती किलोमीटर धावला याची विश्वसनीय नोंद नसेल, तर वर्षाला सव्वा लाख किलोमीटर धावणारा आणि चाळीस हजार किलोमीटर धावणारा ट्रक एकाच मापाने मोजले जातील.